दहावीला ६१ टक्के: भाच्याला आयटीआयला घालू की सीएनसीच्या सहा महिन्यांच्या कोर्सला? (नाशिक)

वणीची मावशी

नमस्कार मंडळी. मी वणीजवळच्या एका गावात राहते. भाचा लहानपणापासून आमच्याकडेच आहे. यंदा दहावी झाला, ६१ टक्के. गणितात बरे मार्क, इंग्रजीत काठावर. पण पोराचा हात चालतो. बागेतल्या फवारणीच्या ब्लोअरचा पंप बंद पडला की मेस्त्री येईपर्यंत यानं तो खोलून, धुऊन, वॉशर बदलून ठेवलेला असतो. पुस्तक घेऊन बसवलं तर अर्ध्या तासात उठतो, पंप घेऊन बसला तर जेवायलाही येत नाही.

आता घरात तीन मतं आहेत. माझं म्हणणं, सातपूरच्या शासकीय आयटीआयला फिटर (यंत्राचे भाग घासून, जुळवून बसवणारा) नाहीतर इलेक्ट्रिशियन करावं. नाशिकला एक क्लास आहे, तिथे सहा महिन्यांत सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन, शिकवतात, फी ५५ हजार, आणि शंभर टक्के नोकरी म्हणून पत्रकावर छापलंय. भाच्याच्या मित्रानं तिथे नाव घातलंय, म्हणून त्याचाही ओढा तिकडेच. आणि दाजी म्हणतात, अकरावी सायन्स, कारण आयटीआयला म्हणे नापास झालेली पोरं जातात.

पैसे द्राक्षाचे आहेत, त्यामुळे ५५ हजार उगाच घालवायची आमची ऐपत नाही. इथे कंपनीतले लोक बरेच आहेत. कृपया खरं काय ते सांगा.

अंबडचा टूलरूमवाला

ताई, मी सातपूर आयटीआयचाच फिटर. नंतर एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवतात त्या विभागात, फोरमन झालो, आता नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊन स्वतःची लहान टूलरूम चालवतो. आयटीआयची मुलं अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) म्हणून घेतो. तुमचा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतं, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी त्या कोर्सचं. सहा महिन्यांत मुलगा सीएनसी चालवायला शिकतो हे खरं आहे. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लावायचा, मशीनचं दार ओढायचं, सायकल स्टार्ट करायची, झाला की काढून गेजनं माप तपासायचं. एवढं येणाऱ्या मुलाला अंबडमध्ये काम मिळतंच. पत्रकावरची शंभर टक्के नोकरी ती हीच. पण ती बहुतेक कंत्राटदाराच्या नावावर असते, काही महिन्यांनी ब्रेक मिळतो आणि पोरगा पुन्हा दुसऱ्या गेटवर उभा राहतो. चार-पाच वर्षं अशी गेली तरी त्याचं काम दार ओढण्याचंच राहतं.

पगार वाढतो तो सेटरचा, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याचा. सकाळपासून बरोबर येणारं बोअर (भोक) दुपारी वीस मायक्रॉननं लहान येऊ लागलं, तर इन्सर्ट (कापणारी पात) झिजलाय, की जॉब धरणाऱ्या जॉमध्ये बर (धातूचा कीस) अडकून जॉब नीट बसत नाही, की मशीन तापलंय, हे ज्याला ओळखता येतं आणि ऑफसेट (मापाची दुरुस्ती) कुठे किती द्यायचा ते ठरवता येतं, त्याला कंपनी सोडत नाही. ही नजर स्क्रीनकडे बघून येत नाही. ती हातानं धातू घासून येते.

फिटरच्या मुलाला पहिले काही महिने काय करावं लागतं ते सांगतो. एमएसचा (साध्या पोलादाचा) तुकडा बेंच व्हाइसमध्ये धरायचा आणि कानस चालवायची. ट्राय स्क्वेअर (काटकोन्या) लावून उजेडाकडे धरायचं, फट दिसली की परत घासायचं. मुलं कंटाळतात, घरी जाऊन सांगतात की सर नुसतं घासायला लावतात. त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे की शिक्षण इथेच चाललंय. दहा मिनिटं घासल्यावर किती उतरलं हे ज्याच्या हाताला कळतं, त्याला पुढे कोणत्याही मशीनवर कटची खोली समजते. तुमचा भाचा पंपाशी असा बसत असेल तर तो कानस घेऊनही बसेल.

माझ्याकडे मुलगा आला की गुणपत्रक मी शेवटी बघतो. आधी हातात माप घ्यायचा व्हर्निअर देतो. मग विचारतो, एम ८ चा टॅप मारायचाय (८ मिमी बोल्टचे आटे पाडायचेत), ड्रिल कोणतं घेशील? ६.८ म्हणाला की मी खूश. ८ म्हणाला तर दोन वर्षं टॅपला हातच लागलेला नाही हे समजतं. मग एक बोथट ड्रिल देतो आणि ग्राइंडरकडे पाठवतो. ११८ अंशांचं टोक, दोन्ही धारा सारख्या लांबीच्या. एक धार लांब राहिली की भोक मापापेक्षा मोठं पडतं. त्याची उभं राहायची पद्धत, गॉगल लावतो का, टूल रेस्टमधली फट बघतो का, एवढ्यावर माझा निर्णय होतो. या परीक्षेत ८५ टक्केवाले अडखळलेले आणि ५५ टक्केवाले सहज पार झालेले, दोन्ही पाहिलेत.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. आयटीआयनंतरची अप्रेंटिसशिप अर्ध्यात सोडू देऊ नका. फिटर दोन वर्षांचा, त्यानंतर एक वर्ष अप्रेंटिसशिप. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कंपनीशी करार होतो, पोर्टलवर नोंद होते, विद्यावेतन बँकेत येतं. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्या मुलाला महिना किमान ७,००० रुपये ठरवलेत, त्यातला २५ टक्के भाग, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं. चांगल्या कंपन्या किमानपेक्षा जास्तही देतात.

आणि नेमकं इथेच पोरं घसरतात. चार महिने होतात, बरोबरचा मित्र कंत्राटात बारा-तेरा हजार घेतोय हे दिसतं, घरचेही म्हणतात की सात हजारात काय होतंय, आणि मुलगा करार सोडून जातो. पाच-सहा हजारांच्या फरकासाठी तो काय सोडून जातो ते कुणी मोजत नाही. त्या एका वर्षात त्याला मेंटेनन्समध्ये, टूलरूममध्ये, क्वालिटीत फिरवतात. हेल्परला विचारायची सोय नसते, अप्रेंटिसला विचारायचा हक्क असतो, आणि पंचवीस वर्षं काम केलेला माणूस त्याला उत्तर द्यायला बांधलेला असतो. वर्ष संपल्यावर परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, ते वेगळंच. रेल्वेच्या कारखान्यात ज्यांनी अप्रेंटिसशिप पूर्ण केली, त्यांच्यासाठी रेल्वेच्या लेव्हल एकच्या (सर्वांत खालच्या श्रेणीच्या) भरतीत २० टक्के जागा ठेवलेल्या असतात. आपल्याकडे नाशिकरोडला रेल्वेचा कर्षण मशीनचा कारखाना आहे, ओझरला एचएएल अप्रेंटिस घेते. या दारांतून आत जायला कागद पूर्ण लागतो.

म्हणून माझं मत: आयटीआय, मग अप्रेंटिसशिप, आणि सीएनसी त्यानंतर. तोपर्यंत कदाचित कंपनीच शिकवेल आणि ५५ हजार वाचतील.

सिडकोवाला

डिप्लोमा का नाही? दहावीनंतर तीन वर्षांत मेकॅनिकल डिप्लोमा होतो, सुपरवायझर म्हणून लागतो. आयटीआयवाला आयुष्यभर मशीनवरच राहतो. माझा स्वतःचा मुलगा डिप्लोमा करतोय, म्हणून सांगतोय.

अंबडचा टूलरूमवाला

सिडकोवाले भाऊ, डिप्लोमाला माझा विरोध नाही. पण दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. तो रस्ता याच्यासाठी उघडाच राहतो. ज्या पोराला आज अर्धा तास पुस्तक घेऊन बसवत नाही, त्याला आजच गणित, भौतिकशास्त्र आणि तेही इंग्रजीतून द्यायचं, की आधी दोन वर्षं वर्कशॉपमध्ये काढून ते गणित कशासाठी लागतं हे बघू द्यायचं? माझ्या हाताखालचे दोघे असे नंतर डिप्लोमा झालेत. ड्रॉइंग वाचायला बसले की बाकीच्यांपेक्षा पुढे असतात, कारण कागदावरची प्रत्येक रेघ त्यांनी एकदा हातानं कापलेली असते.

आणि मशीनवर राहण्यात काय कमीपणा आहे? माझ्या ओळखीत डाय फिटर आहेत ज्यांचा पगार त्यांच्या सुपरवायझरपेक्षा जास्त आहे.

पॅनलवाली, सातपूर

मी सिन्नरकडची. नाशिकच्या मुलींच्या आयटीआयची आहे, आता सातपूरला कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कंपनीत वायरिंग आणि टेस्टिंग बघते. काकांचं बरंचसं पटलं, एका गोष्टीवर मात्र मला बोलायचंय.

अप्रेंटिसशिप सोडणारी सगळी मुलं उतावळी नसतात. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आलेल्या मुलाला अशोकनगर नाहीतर श्रमिकनगरला चौघांत खोली घ्यावी लागते. खोली, डबा, कंपनीपर्यंतचा प्रवास, मोबाइलचं रिचार्ज. सात हजारांतून घरी पाठवायला काहीच उरत नाही, उलट घरून मागवावे लागतात. ज्याच्या घरी द्यायला काही नाही तो काय करणार? माझ्या ओळखीतली एक मुलगी आमच्या सगळ्यांत हुशार होती. मोटर सुरू करायच्या स्टार-डेल्टा स्टार्टरचं सर्किट ती ड्रॉइंग न बघता जोडायची. तिनं करार सोडला तो वडिलांचा पाय मोडला म्हणून. तिला कुणी धीर धर म्हणून सांगणं मला बरोबर वाटत नाही.

म्हणून मावशी, कंपनी निवडताना नावापेक्षा हे विचारा: बस आहे का, कँटीनमध्ये जेवण मिळतं का, विद्यावेतन किमानच देतात की जास्त. बस आणि जेवण असेल तर सात हजारांचे दहा झाल्यासारखे होतात. तुमच्या भाच्याला पाठीशी तुम्ही आहात, त्यामुळे त्याला काकांचा सल्ला झेपेल.

दुसरं, सगळ्या कंपन्या शिकवत नाहीत. मी पहिल्यांदा जिथे लागले, नाव घेत नाही, तिथे आम्हाला सुरुवातीपासून पॅकिंगला बसवलं होतं. आम्ही काही जणी मिळून बीटीआरआयला गेलो, म्हणजे अप्रेंटिसशिपचं काम बघतं ते सरकारी कार्यालय, आणि लेखी दिलं. त्यानंतर आम्हाला वायरिंगच्या लाइनवर घेतलं. कराराची प्रत स्वतःजवळ ठेवा. ट्रेड कोणता लिहिलाय ते वाचा. आणि अप्रेंटिसला परवानगीशिवाय ओव्हरटाइम करायला लावता येत नाही, हेही त्याला सांगून ठेवा.

इलेक्ट्रिशियनबद्दल एवढंच, की हा ट्रेड गावाकडेही चालतो. मोटर रिवाइंडिंग, स्टार्टर, सोलर पंप. वायरमनचा परवाना आणि पुढे ठेकेदाराचा परवाना काढला तर नव्या मीटरसाठी लागणारा टेस्ट रिपोर्ट स्वतःच्या सहीनं देता येतो. तुमच्या घरात कुणी मुलगी दहावी होणार असेल तर तिचाही विचार करा. वायरच्या टोकाचा लग वेडावाकडा दाबला (क्रिम्प झाला), वायरवरच्या फेरूलचा नंबर चुकला, की पॅनल टेस्टिंगला अडतं. आमच्या लाइनवर हे काम बहुतेक मुलीच करतात.

पिंपळगावचा रेफ्रिजरेशनवाला

मावशी द्राक्षवाल्या आहेत म्हणून लिहितो. रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड आहे आणि आपल्या भागात त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. ओझर, पिंपळगाव, मोहाडी, दिंडोरी या पट्ट्यात निर्यातीची किती पॅकहाउस आहेत ते तुम्हाला माहीत आहे. सकाळी तोडलेला माल प्री-कूलिंगमध्ये टाकून काही तासांत चार अंशांच्या आसपास आणायचा, मग शून्य-एक अंशाच्या खोलीत. जानेवारी ते एप्रिल कॉम्प्रेसर थांबून चालत नाही. एका कंटेनरमध्ये बारा-तेरा टन माल असतो, रात्री दोनला प्लँट ट्रिप झाला की मालक पैशाचं विचारत नाही, माणूस कधी पोचतो ते विचारतो. सीझन संपला की एसी आणि डेअऱ्यांचे बल्क कूलर असतातच. मी वर्षाचे बारा महिने कामात असतो आणि रात्री घरी झोपतो. अंबडला खोली करायची गरज पडली नाही.

वणीची मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार. दाजींना सगळं वाचून दाखवलं. थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमा होतो हे ऐकून ते जरा नरमले. भाच्याला विचारलं तर म्हणतो, मावशी, मला मशीनवर जायचंय, एसी नको. पॅनलवाल्या ताईंचं वाचून माझी धाकटी, जी नववीत आहे, तिनंच विचारलं की मी जाऊ का म्हणून.

आता तीन शंका. ६१ टक्क्यांना सातपूरला फिटर मिळेल का? जवळच एक खासगी आयटीआय आहे, ते म्हणतात लगेच प्रवेश देतो, ते बरं का? आणि आम्ही आयटीआय बघायला गेलो तर नेमकं काय बघायचं? आम्हाला मशीनमधलं काही कळत नाही.

अंबडचा टूलरूमवाला

ताई, नापास पोरं जातात म्हणणाऱ्या दाजींना एकदा सातपूरची फिटर-इलेक्ट्रिशियनची गुणवत्ता यादी दाखवा. एका तुकडीत वीस जागा आणि अर्जांचा ढीग. ६१ ला पहिल्या फेरीत मिळेलच असं धरून चालू नका. वेल्डरसारख्या काही ट्रेडना दहावी नापासही अर्ज करू शकतो, त्यावरून सगळ्याच आयटीआयला तसं म्हटलं जातं. आणि ते वेल्डरही कमी नाहीत. नीट टिग वेल्डिंग येणारा मुलगा मला आज हवाय आणि मिळत नाहीये.

अर्ज राज्याच्या व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर एकच भरायचा, त्यात आयटीआय आणि ट्रेडचे पर्याय क्रमानं द्यायचे. फिटरच हवा असा हट्ट नको. मशिनिस्ट आणि टर्नर हे दोन्ही दोन वर्षांचे आहेत आणि माझ्या गाळ्यात मी त्यांना फिटरच्या बरोबरीनं घेतो. सीएनसीकडे जायला तर टर्नर-मशिनिस्ट जास्त जवळचे, कारण लेथ आणि मिलिंग हाताखालून गेलेलं असतं. तेव्हा सातपूरचे हे तिन्ही ट्रेड टाका, मग दिंडोरीच्या शासकीय आयटीआयला कोणते ट्रेड आहेत ते पोर्टलवर बघून तेही टाका. दिंडोरी मिळालं तर एसटीच्या सवलतीच्या पासवर घरून ये-जा होईल, खोलीचा खर्च वाचेल.

खासगी आयटीआय सगळ्याच वाईट नसतात. काही ठिकाणी सरकारीपेक्षा यंत्रं चांगली आहेत. पण मान्यता संस्थेला आहे म्हणून भागत नाही, ती प्रत्येक ट्रेडला आणि तुकडीला वेगळी लागते. तुमच्या ट्रेडच्या तुकडीला मान्यता आहे का ते विचारा आणि कागद बघा. लगेच प्रवेश आणि हजेरीचं आम्ही बघून घेऊ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि जिथे हजेरी माफ असते तिथे मशीनही बंद असतं.

बघायला जाल तेव्हा वर्कशॉपच्या वेळेत जा, सुट्टीच्या दिवशी नको. मशीनमधलं कळायची गरज नाही. लेथच्या बेडवर तेलाचा पातळ थर आहे की धूळ आहे, एवढं बोट लावून बघा. खाली बर पडलेली आहे का बघा. फरशी अगदी स्वच्छ असेल तर तिथे काम होत नाही. मुलांनी केलेले जॉब कुठे ठेवलेत ते विचारा. पूर्ण झालेले, नंबर मारलेले तुकडे दिसले पाहिजेत, आणि बिघडलेलेही दिसले पाहिजेत, कारण बिघडवायला लोखंड मिळतंय याचा तो पुरावा आहे. कच्चा माल संपला म्हणून महिना-महिना फळ्यावर आकृत्या काढणारी वर्कशॉप मी पाहिलीत.

शिल्पनिदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारे सर, एकाच तुकडीला आहेत की दोन-तीन तुकड्या एकट्यावर आहेत, हे विचारा. माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचं हेच आहे. ट्रेड कोणता, इमारत किती मोठी, यापेक्षा मुलाच्या मागे उभा राहून कोपर खाली घे म्हणणारा माणूस तिथे दिवसभर आहे की नाही, यावर मुलगा घडतो. या सरांची पदं रिकामी असणं हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे आणि त्याची किंमत ही पोरं भरतात. याची माहिती ऑफिसात मिळणार नाही. गेटबाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाची मुलं उभी असतात, त्यांना विचारा. गेल्या आठवड्यात कोणता जॉब केला एवढं विचारलंत तरी पुरे. पटकन सांगितलं तर प्रवेश घ्या.

पॅनलवाल्या ताईंनी पैशाचं लिहिलं ते खरं आहे, त्यात मला खोडायला काही नाही. म्हणूनच गाळेवाल्यांनी किमानवर थांबू नये असं मी आमच्या लोकांत सांगत असतो. धाकटीचं पुढच्या वर्षी विचारा, मुलींसाठी शासकीय आयटीआयमध्ये ३० टक्के जागा राखीव असतात, शिवाय मुलींची आयटीआय वेगळी.

सध्या दाखले गोळा करा: गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर. तहसीलमध्ये याच दिवसांत गर्दी असते. पर्यायांचा क्रम मनातल्या आवडीप्रमाणे लावा, मिळेल की नाही हा हिशेब करून नको. फक्त पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. तेव्हा पहिल्या क्रमांकावर काय लिहायचं ते दाजी, तुम्ही आणि तो मुलगा एकत्र बसून ठरवा आणि मगच अर्ज निश्चित करा.